पखवाजातला डोंगर

पखवाजाच्या डाव्या पुडीला गव्हाची कणीक का लावतात, सांगा पाहू. ‘चिकटते म्हणून’ हे उत्तर आमच्या धाकट्याने केव्हाच देऊन टाकलंय, त्यामुळे ते बाद. थोरलीचं म्हणणं, वाजवणाऱ्याला मधेच भूक लागली तर जवळ असावी. तेही बाद, पण ऐकायला बरं.

खरं उत्तर हवं असेल तर माघ शुद्ध दशमीच्या सुमाराला भंडाऱ्यावर जायचं. तळेगाव-चाकण रस्त्याने निघालं की इंदोरी-सुदुंबऱ्याच्या शिवेवर हा डोंगर उभा दिसतो. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात गुरुमंत्र दिला तो दिवस माघ शुद्ध दशमीचा, गुरुवारचा. आणि तुकोबा चिंतनाला बसायचे ते याच डोंगरावर. म्हणून दशमीच्या आधी इथे सप्ताह बसतो. गाथेचं पारायण, काकडा, हरिपाठ, रात्रीची कीर्तनं, महाप्रसादाच्या पंगती, आणि वाटेवर बायकांनी काढलेल्या रांगोळ्या. वर मांडवात गाथा चालते आणि खाली रस्त्यावरून चाकणच्या कारखान्यांकडे निघालेल्या कंटेनरांची रांग सरकत असते.

या कारखान्यांचा आणि त्या मांडवाचा काही संबंध नाही असं समजू नका. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला, मग बाकीचे आले आणि कुठकुठून माणसं आली. सोलापूरचा फिटर, लातूरचा वेल्डर, जळगावचा हेल्पर. वळकटीत टाळ असायचे. पहिली पाळी करून आलेला माणूस संध्याकाळी हरिपाठाला उभा राहायचा. मी स्वतः जन्म लेथवर काढला, आणि लोखंडाच्या किसाबद्दल मला जे काही कळतं ते तिथलंच. तो कीस पुढे कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

आता कणीक. मृदंगवाले बुवा कीर्तन सुरू व्हायच्या आधी काय करतात ते जवळ बसून बघा. गव्हाच्या पिठाचा घट्टसर गोळा मळतात, पाण्याचा हात लावून डाव्या पुडीच्या मधोमध थापतात, अंगठ्याने कडा दाबून बसवतात. एक थाप मारतात. मान हलवतात. चिमूटभर कणीक काढतात, पुन्हा थाप. वाद्य बोलायला लागलं की मगच वर बघतात.

कातडं हलतं म्हणून आवाज होतो, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. हलकं कातडं भरभर हलतं, त्याचा आवाज चढा. त्यावर वजन लादलं की ते सावकाश हलायला लागतं आणि आवाज खाली उतरतो. कणीक म्हणजे ते वजन. कीर्तन रंगतं तशी ती वाळते, पाणी उडतं, वजन घटतं आणि सूर सरकतो. म्हणून बुवा मधेच बोट ओलं करून कणकेवर फिरवतात. लोकांना वाटतं सवय आहे. ती सवय नाही, ते सूर लावणं आहे.

‘‘मग उजवीकडे काळं काय असतं, आबा?’’ थोरलीने विचारलं.

ती शाई. आणि तिची गोष्ट कणकेपेक्षा फार मोठी आहे.

तुणतुण्याची तार छेडली की एकच सूर निघतो असं वाटतं, पण निघतात अनेक. तार एका सेकंदात शंभर वेळा हलत असेल, तर त्याच वेळी ती दोनशे, तीनशे, चारशे वेळाही हलत असते. हे आकडे एकमेकांशी पटतात, दुप्पट, तिप्पट, चौपट, म्हणून कानाला गोड लागतं. नुसत्या कातड्याचं तसं नाही. गोल ताणलेलं कातडं शंभर वेळा हलत असेल तर त्याची बाकीची आंदोलनं साधारण १५९, २१४, २३०, २६५ अशी निघतात. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. म्हणून लग्नातला ढोल जोरात वाजतो, पण त्याच्याशी सूर जुळवून कुणी गायला बसत नाही.

आपल्या कुणा पूर्वजाने, त्याचं नाव कुठेही लिहिलेलं नाही, कातड्याच्या मधोमध काळी शाई घोटली आणि तो बेसूरपणा गेला. का गेला, हे जगाला सांगितलं चंद्रशेखर वेंकट रामन यांनी.

‘‘नोबेलवाले?’’

तेच. नोबेल १९३० चं, प्रकाशाच्या कामासाठी. पण त्याच्या दहा वर्षं आधी, १९२० साली, त्यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर ‘नेचर’ या नियतकालिकात आपल्या तालवाद्यांवर टिपण लिहिलं, आणि १९३४ साली सविस्तर निबंध. प्रयोग बघा किती साधा. पुडीवर बारीक रेती भुरभुरायची आणि वाजवायचं. जिथे कातडं हलतं तिथून रेती उडते, जिथे स्थिर असतं त्या रेषांवर जमते. प्रत्येक आंदोलनाची अशी एकेक आकृती मिळते. त्यांना दिसलं, की मधल्या शाईच्या वजनाने ही बेशिस्त आंदोलनं सरकतात आणि गटागटाने एकत्र येतात. नऊ आंदोलनं मिळून पाच सूर होतात, आणि ते पाच अगदी तारेसारखे, एकपट, दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट. युरोपातल्या भल्याभल्या ढोलांना जे जमलं नव्हतं ते देहूच्या वाटेवरच्या पखवाजाला जमत होतं. रामन यांना याचं फार कौतुक होतं, आणि मला रामन यांचं आहे. इतका मोठा माणूस पखवाजाकडे एक गंभीर यंत्र म्हणून बघत होता.

शाई भरताना एकदा बघायला हवं. लोखंडाच्या किसाची वस्त्रगाळ पूड, शिजवलेला भात आणि काजळी असं एकत्र मळतात. त्याचा पातळ थर बोटाने गोल पसरायचा, आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. वाळला की दुसरा थर, आधीच्यापेक्षा जरा लहान. पुन्हा घोटणं. असे कितीतरी थर. घोटताना शाईला बारीक बारीक तडे जातात. नवख्याला वाटतं बिघडलं. पण ते तडे जायलाच हवेत. तडे नसतील तर शाई ताठ राहील, कातड्याबरोबर वाकणार नाही आणि पुडी मुकी होईल. लोखंड असून लवचीक, ही करामत त्या तड्यांची.

‘‘लोखंड कुठून आणतात?’’ धाकट्याचा प्रश्न.

बाजारातून. पण ते इथेच तुझ्या पायाखाली किती आहे, दाखवू का? एक लोहचुंबक घे. जुन्या स्पीकरमधला चालेल. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळ आणि भंडाऱ्याच्या पायथ्याच्या कुठल्याही ओढ्यातल्या कोरड्या रेतीतून फिरव. काळ्या कणांच्या मिशा फुटतील पिशवीला. तो मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं खनिज. आपल्या काळ्या दगडाच्या शंभर किलोंत साधारण दहाबारा किलो लोहाचं ऑक्साइड असतं. दगड झिजतो, हलके कण वाहून जातात आणि जड काळे कण ओढ्याच्या वळणावर मागे राहतात. मुरमाड वाटेवरची तांबडी माती दिसते ना, तोही लोहाचाच गंज.

या काळ्या कणांनी एक गंमत करून ठेवली आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. ज्वालामुखी म्हटलं की तुम्ही शंकूसारखा डोंगर काढता चित्रात, तसलं काही नव्हे. सपाट, दूरवर पसरणारे लोट, एक थिजला की त्यावर दुसरा. आजही या दगडाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापलेली आहे. लाव्हा थिजताना त्यातले लोहाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाकडे तोंड करून जागच्या जागी पक्के झाले. शास्त्रज्ञांनी ते मोजले तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे, यातल्या बऱ्याच थरांत चुंबकाची दिशा उलटी आहे. त्या काळी होकायंत्र असतं तर त्याचं उत्तरेचं टोक दक्षिणेकडे वळलं असतं. पृथ्वीचं चुंबक अधूनमधून असं उलटतं. दुसरी गोष्ट त्याहून भारी. हा दगड थिजला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला होती.

‘‘म्हणजे हा डोंगर चालत आलाय?’’

सगळा देशच चालत आलाय, बाळा. वर्षाला काही सेंटिमीटर, अजूनही चालतोय. वारकरी काय एकटेच आहेत?

आणि ‘डोंगर’ म्हणजे तरी काय? लाव्हाचे थर आडवे, सपाट. नद्या-ओढ्यांनी लाखो वर्षं आजूबाजूचं कोरून नेलं, उरलं ते भंडारा, उरलं ते भामचंद्र, उरलं ते घोराडेश्वर. तुकोबांच्या चिंतनाच्या या तिन्ही जागा म्हणजे झिजून झिजून शिल्लक राहिलेली जमीन. तिन्हींवर लेणी आहेत, कारण लाव्हाचा थर वरच्या बाजूला वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र असतो, जाळीच्या घावनासारखा, आणि त्याचं पोट घट्ट असतं. कुठला थर छिन्नीला धार्जिणा आणि कुठला छत म्हणून टिकणारा, हे जुन्या कारागिरांना पक्कं कळत होतं. पाणीही याच हिशेबाने चालतं. पावसाचं पाणी सच्छिद्र थरातून, भेगांतून झिरपत उतरतं, खाली घट्ट दगड लागला की आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यासारखं बाहेर पडतं. लेण्यांजवळची पाण्याची टाकी तिथेच का खोदली, याचं उत्तर हेच. उन्हाळ्यात उघड्या डोंगरावर गार पाणी मिळालं की आपण चमत्कार म्हणतो. म्हणायला हरकत नाही, फक्त त्या चमत्काराला वरचा अख्खा डोंगर लागतो. वरून मुरूम खरवडून नेला की खालचं टाकं आटतं.

ते बुडबुडे मात्र रिकामे राहिले नाहीत. त्यांच्यातून खनिजांचं पाणी झिरपत राहिलं आणि आत स्फटिक वाढले. पांढरे, गुलाबी, पिसाऱ्यासारखे. खाणीत दगड फोडताना हे झिओलाइट चमकतात. पुण्याच्या पलीकडे वाघोलीच्या खाणींत तर कॅव्हान्साइट नावाचा निळाशार स्फटिक निघतो, मोरपंखी म्हणा. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे सर्वात देखणे नमुने आपल्या वाघोलीचे आहेत. आणि वाघोलीकर त्याच दगडाची खडी करून रस्त्यावर टाकत आले!

खडीवरून आठवलं. जमीन राखायचं काम या बाजूला भजनाने किती केलंय, हे तुम्हाला शाळेत कुणी सांगणार नाही. चाकणजवळ शिंदे-वासुलीच्या गायरानावर डाऊ केमिकल कंपनीचं संशोधन केंद्र होणार होतं. गायरान म्हणजे गावाच्या गुरांची चराऊ जमीन, सगळ्यांची मिळून. शेजारी भामचंद्राचा डोंगर, खाली सुधा नदी, ती पुढे इंद्रायणीला मिळते. भोपाळची वायुगळती ज्या युनियन कार्बाइडकडून झाली, ती कंपनी डाऊने विकत घेतलेली. २००८ साली गावकरी आणि वारकरी एकत्र आले. रस्त्यावर टाळ-मृदंग घेऊन माणसं बसली, बंडातात्या कराडकरांसारखे कीर्तनकार पुढे होते. जुलैमध्ये तिथे जाळपोळही झाली. ती मला तेव्हाही पटली नाही, आज पटत नाही. पण रस्त्यात बसून केलेलं भजन पटलं. शेवटी कंपनीने तिथला प्रकल्प सोडला. भामचंद्राच्या पायथ्याशी दगडखाणींचे सुरुंग उडायचे, त्यावरही वारकऱ्यांनी असंच रान उठवलं.

सगळंच वाचलं असं नाही. कार्तिकीला आळंदीत इंद्रायणीवर बर्फासारखा पांढरा फेस तरंगतो, त्याचे फोटो तुम्ही मोबाइलवर पाहिले आहेत. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. असे रेणू पृष्ठभागावर गर्दी करतात, पाण्याचा ताण कमी करतात, आणि बंधाऱ्यावरून पाणी कोसळलं की हवेचे बुडबुडे फुटायचं नाव घेत नाहीत. घराघरांतलं सांडपाणी आणि कारखान्यांचं रसायन, दोन्ही त्यात आहे. कुरवंड्याच्या डोंगरात उगम, तुळापूरला भीमेशी संगम, आणि मधल्या एवढ्याशा वाटेत आपण नदीची ही गत केली.

भंडाऱ्यावर अलीकडे झाडं लावायची हौस वाढली आहे. हौस चांगली, पण माझी एक तक्रार आहे. जिकडे तिकडे गिरिपुष्प लावतात. भराभर वाढतं, फोटोत हिरवं दिसतं, आणि खाली दुसरं काही उगवू देत नाही. शिवाय आपल्या टेकड्यांचं मूळचं गवत म्हणजे पडीक जमीन, असा सरकारी कागदांनी करून दिलेला समज. गवताची मुळं माती जशी धरून ठेवतात तशी कोवळी रोपं धरत नाहीत. गवतात चंडोल घरटं करतो, माळटिटवी अंडी घालते. चर खणायचे तर ते एकाच उंचीच्या रेषेवर, सलग समतल, म्हणजे पाणी धावत नाही, मुरतं. आणि माघात गवत वाळलेलं असतं, तेव्हा जाळरेषा काढायची. पट्टाभर गवत आधीच कापून टाकायचं, म्हणजे कुणी विडी टाकली तरी वणवा तिथे अडतो. सप्ताहाला आलेल्या पोरांनी पंगत वाढण्याआधी विळे घेऊन एवढं केलं, तरी डोंगराची चाकरी झाली.

लावायचंच असेल तर उंबर लावा, पिंपळ लावा, नांदुरकी लावा. माघ दशमीनंतर सव्वा महिन्याने फाल्गुन वद्य द्वितीया येते, तुकाराम बीज. त्या दिवशी देहूला वैकुंठगमनाच्या जागी जो वृक्ष आहे तो नांदुरकीचाच. भर दुपारी बारा वाजता कीर्तन टिपेला पोचतं, माणसं फुलं उधळतात, आणि त्या क्षणी नांदुरकी थरारते अशी श्रद्धा आहे.

‘‘खरंच हलते का, आबा?’’

मी त्या वेळी वर बघत असतो आणि डोळ्यांत पाणी असतं, त्यामुळे साक्षीदार म्हणून माझा उपयोग नाही. पण त्या झाडाच्या आत काय हलतं ते सांगतो. शास्त्रज्ञ नांदुरकीला फायकस मायक्रोकार्पा म्हणतात. तिला फुलं दिसतात का कुणाला? नाही. ती फळाच्या आत असतात, शेकडो बारीक फुलं, आणि आत शिरायला एक सुईच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून एक चिलटाहून लहान माशी आत शिरते. वाट इतकी अरुंद, की तिचे पंख तिथेच तुटतात. आत अंधारात ती सोबत आणलेले परागकण फुलांवर पसरते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढे तिची पिल्लं होतात. आधी नर निघतात, त्यांना पंखच नसतात. ते माद्यांशी जुगतात, बाहेर जायला भोक पाडून ठेवतात आणि उजेडात न जगताच संपतात. माद्या पराग भरून घेतात, त्या भोकातून उडतात, आणि एक-दोन दिवसांच्या आयुष्यात दुसरी नांदुरकी शोधतात. उंबराची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी. नांदुरकीच्या माशीला पिंपळ चालत नाही.

‘‘आणि माशी नसेल तर?’’

तर फळ धरेल, पण त्यात रुजणारं बी नसेल. हे खरोखर घडलंय. अमेरिकेत फ्लोरिडात आणि हवाई बेटांवर शोभेसाठी नांदुरकी लावली होती. वर्षानुवर्षं झाडं नुसतीच उभी, पिल्लू एक नाही. मग त्यांची माशी तिकडे पोचली. हवाईत तर माणसांनीच मुद्दाम नेऊन सोडली. त्यानंतर पाखरांनी फळं खाल्ली, बिया टाकल्या, आणि नांदुरकी पुलांच्या सांध्यांतून, छपरांच्या पन्हाळ्यांतून, भिंतींच्या भेगांतून उगवायला लागली. आता तिथे तिला तण म्हणतात आणि उपटून टाकायला माणसं नेमतात.

‘‘आपल्या नांदुरकीला तण?’’ धाकट्याला ते सहनच होईना. थोडा वेळ गाल फुगवून बसला आणि मग म्हणाला, ‘‘मग आबा, तिकडच्यांना एक पखवाज पाठवा ना. बीज करू देत त्यांना पण.’’

थोरली म्हणाली, कणीक तिकडे कुठे मिळणार. मी म्हटलं, ती मिळेल गं, मराठी माणसं आहेत तिकडे भरपूर. मृदंगवाले बुवा न्यायचे म्हणजे त्यांच्या व्हिसाचं तेवढं बघावं लागेल.